लिमलेटच्या गोळीची कुळकथा

थोरांचीं चरित्रें लिहिलीं जातात, राज्यांच्या बखरी लिहिल्या जातात. लिमलेटच्या गोळीची बखर लिहावी असें कोणास सुचत नाहीं. वस्तुतः आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील घरांत वाढलेल्या किती तरी वाचकांस बालपण म्हटलें कीं ही गोळी आठवेल. संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, नारिंगी किंवा पिवळी, अशी ती वाण्याच्या दुकानांतील कांचेच्या बरणींत असे. पांच पैशांचें चौकोनी नाणें मुठींत धरून आम्ही त्या बरणीकडे पाहत असूं. गोळी चावावी कीं चघळावी, हा तर आमच्यांतील मोठ्या वादाचा विषय. चावणारा उधळ्या ठरे. चघळणाराची जीभ खरखरीत होई, पण त्याचें सुख दीर्घकाळ टिके.

घरांतील वडील मंडळींस ही गोळी परकी वाटे. देवापुढची खडीसाखर, पाडव्याची गाठी, संक्रांतीचा हलवा, जत्रेंतील बत्तासे व रेवड्या हें सारें आपलें. लिमलेट म्हणजे साहेबानें आणलेलें आणि दांत किडविणारें. दांतांविषयीं आमचें म्हणणें नाहीं. परकेपणाचा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे.

अशा गोळीस इंग्रजींत ‘कँडी’ म्हणतात. हा शब्द मूळचा आपलाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत उंसापासून होणाऱ्या पदार्थांत खण्ड व शर्करा हीं दोन्ही नांवें आहेत. खण्डाचा फारसी-अरबींत ‘कंद’ झाला. तेथून तो फ्रेंचांकडे आणि फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला. शर्करेची ‘शुगर’ही अशाच वाटेनें झाली. आज आमचीं नातवंडें ‘कँडी’ मागतात, तेव्हां जुनेंच नाणें नव्या छापानें परत येतें.

कृतीची गोष्ट निराळी. खडीसाखरेचा पाक सावकाश निवूं देतात, म्हणून दोऱ्याभोंवतीं खडे धरतात. गोळीची रीत नेमकी उलट. साखरेच्या पाकांत ग्लुकोज घालून तो सुमारें १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत आटवितात. मग थंड पाटावर ओतून त्यांत सायट्रिक आम्ल, रंग व वास मिसळतात आणि गोळा मऊ आहे तोंच सांच्यांतून काढतात. ग्लुकोजमुळें साखर दाणे धरीत नाहीं आणि गोळी कांचेसारखी होते. ही विद्या युरोपांतील कारखान्यांतून आली, हें मान्य केलें पाहिजे.

पण आलेली विद्या आपलीशी करणारेही येथें निघाले. १९२९ सालीं मोहनलाल दयाल चौहान यांनीं विलेपार्ल्यास कारखाना घातला. पुढें बिस्किटांनीं गाजलेल्या त्या कारखान्याचा पहिला माल गोळ्यांचाच होता. त्या वेळीं साखरसुद्धां बरीचशी जाव्याहून येई. १९३२ सालीं देशी साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें आणि पांच वर्षांच्या आंत तीस-बत्तीस कारखान्यांचे शंभरावर कारखाने झाले. याच लाटेंत १९३३ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं मालेगांवाजवळ रावळगांव येथें कारखाना उभारला. खडकाळ माळावर ऊंस झाला, उंसाची साखर झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत गोळ्याही निघूं लागल्या. नाशिक जिल्ह्यांतील एका खेड्याचें नांव कागदांत गुंडाळून गांवोगांवच्या मुलांच्या हातीं पडलें. नकाशांत रावळगांव शोधण्यापूर्वींच आम्हीं तें चाखलें होतें!

पार्ल्याचा तो जुना कारखाना २०१६ सालीं बंद झाला. २०२४ सालीं रिलायन्सच्या एका कंपनीनें रावळगांवच्या गोळ्यांचीं नांवें व त्यांच्या कृति २७ कोटी रुपयांस विकत घेतल्या. व्यापारांत असें चालावयाचेंच. त्याबद्दल रडगाणें गाण्याचें कारण नाहीं. परंतु अशा व्यवहारांत नांव, कृति व मालकी यांचीच नोंद होते. ऊंस लावणारा शेतकरी, पाक ढवळणारा मजूर, गोळीस कागद लावणारे हात, उधारीवर एखादी गोळी देऊन वहींत टिपण करणारा वाणी, यांचें दप्तर कोठें आहे?

इतिहासाचार्य राजवाड्यांनीं जुन्या कागदांसाठीं गांवोगांव पायपीट केली. या दप्तरासाठीं इतके कष्ट नकोत. तें घरोघरच्या वृद्धांच्या स्मरणांत आहे. बसल्या जागीं चार प्रश्न विचारून तें उतरून घेतां येईल. विलंब मात्र करूं नये. कारण हें दप्तर कसरीच्या आधीं काळच खातो.