ताटातले दोन प्रश्न

भगिनींनो, हळदीकुंकवाला जमलो की हल्ली वजनाची गोष्ट हमखास निघते. कोणी रात्रीचे जेवण सोडलेले असते, तर कोणी भाकरी बंद करून परदेशी ओट्सचा डबा आणलेला असतो. अंग हलके व्हावे ही इच्छा गैर नव्हे. परंतु त्यासाठी आपल्या शिवारातले धान्य ताटातून उठवावे काय? हा प्रश्न आपल्या आधीही काहींना पडला होता.

लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्यांचा व्यवसाय. १८६२ साली त्यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे सोडले आणि सुमारे वर्षभरात ४६ पौंड वजन घटविले. १८६३ साली त्यांनी काढलेली पुस्तिका इतकी गाजली, की वजन उतरविण्याला इंग्रजीत त्यांच्याच नावाचे क्रियापद रूढ झाले. मात्र बँटिंग यांचा प्रश्न एकच होता : खावे काय आणि किती?

दुसरा प्रश्न वर्ध्यास विचारला गेला. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभे केले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ यांचा तेथे पुरस्कार झाला. गिरणीत तांदळाला चकाकी येते, पण कोंड्यातले सत्त्व जाते, आणि कांडणाऱ्या गरीब बाईची मजुरीही जाते, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे अन्न कोठून आले, कोणाच्या हातून आले, हेही पाहावयाचे.

पण येथे एक भाबडेपणा टाळावयास हवा. तेल घाणीचे असो वा गिरणीचे, एका ग्रॅमला नऊ कॅलरी असतातच. गूळ गावचा म्हणून अंगाला कमी लागत नाही! गांधीजींनी हे ओळखले होते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात, बैठे काम करणाऱ्यांसाठी त्यांनी रोजची मापे दिली : गहू, तांदूळ, बाजरी मिळून ६ औंस, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम, भाज्या एकूण ९ औंस, तूप दीड औंस, गूळही तितकाच.

आणि व्रताला मर्यादा असते, हे कस्तुरबांनी दाखविले. गाईम्हशींचे हाल मनात आणून गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले होते. पुढे दीर्घ आजाराने ते खंगले, आणि १९१९ च्या आरंभी डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. तेव्हा, बकरीच्या दुधाला हरकत कसली, असे बांनीच सुचविले. ते दूध त्यांनी घेतले. आपण व्रताचा शब्द पाळला, आशय नव्हे, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात नमूद केली. पण जीव वाचला.

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष पाळले. ज्या ज्वारी-बाजरीला आपण गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले, तिला जगाने पाटावर बसविले. तेव्हा भाकरी ताटात राहू द्या, दोनाची एक करा. पालेभाजी वाढवा, वरचे तेल आवरा. आणि आपल्या लेकीबाळींना उपाशी ठेवून बारीक होऊ देऊ नका. ताटावर बसताना दोन्ही प्रश्न विचारावेत : किती, आणि कोठून? एकाचे उत्तर शरीरासाठी, दुसऱ्याचे शेजाऱ्यासाठी.