कोटाआडचें पिस्तूल
चित्रपटांवरून आमचा असा समज झाला आहे कीं, अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांत जो तो कमरेस उघडें पिस्तूल लटकावून हिंडे. इतिहास निराळें सांगतो. ॲरिझोनांतील टूमस्टोन गांवानें १८८१ सालीं वस्तींत शस्त्र बाळगण्यास मनाई केली. परंतु भय गेलें नव्हतें. कित्येकांनीं शस्त्र कोटाआड नेलें. किलोभर वजनाचें कोल्टचें पिस्तूल खिशांत जाचे. यास्तव काखेंत अडकविण्याचें चामडी म्यान सोयीचें ठरलें. भार खांद्यावरील पट्टा घेई, बाकी सारें कोट झांकी. केंटकी राज्यानें १८१३ सालींच गुप्त शस्त्रास बंदी केली होती, ती उगीच नव्हे. म्यान जितकें सुखाचें, तितकें शस्त्र नित्य अंगावर. आणि जें नित्य अंगावर, तें क्षणिक रागांतही हाताशीं. आमच्या मतें ह्या सोयीची खरी किंमत हीच होय.