चिकाक तेल, खळीक पाणी

कोकणात फणस फोडायला बसलेल्या माणसाला कोयत्याच्या आधी तेलाची वाटी लागते. हाताला आणि कोयत्याच्या पात्याला खोबरेल चोपडायचं, मगच फणसाला हात घालायचा. विसरलात तर चीक बोटांना धरतो, वाळतो, धुळीनं काळा पडतो. साबण घासून घासून हात लाल होतो, चीक तिथंच. तेल चोळलं की मात्र त्याच्या गोळ्या गोळ्या होऊन सुटतात. चीक पाण्याला जुमानत नाही, तेलानं नरम पडतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

सावंतवाडीकडच्या आमच्या गावात हे शास्त्र आजीच्या तोंडी होतं. "चिकाक तेल, खळीक पाणी, सरसाक ऊन पाणी. आणि ओढूचा नाय." हे शेवटचं वाक्य ती दरडावून सांगायची. पोरांना वाळलेला चीक नखानं उपटायची भारी हौस, आणि उपटताना खालची कातडीही यायची.

आमच्या घरात चिकटवायचं काम म्हणजे खळ. पतंगाला आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांना कणकेची खळ, पाकिटाला भाताची दोन शितं. चिंचोक्यांच्या पिठाची खळ त्याहून चिवट. सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या गंजिफांमध्ये कापडाला ताठपणा यायचा तो याच चिंचोक्यांच्या खळीनं. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून ठेवलेला असायचा. या सगळ्यांचा स्वभाव एकच. हाताला वाळले तर हात पाण्यात धरायचा, पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं. आजी म्हणायची, "जां पाण्यान कालवला, तां पाण्यानच सुटतला."

मेस्त्रीच्या पडवीत सरस शिजायचा. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेल्या त्या तपकिरी वड्या आधी भिजवायच्या, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायच्या. वास असा की पडवीत बसलेलं माणूस उठून जाई. सरस गरम असेतो काम उरकायचं, थंड झाला की घट्ट. मेस्त्रीच्या बोटांवर त्याचे पापुद्रे कायमचे. संध्याकाळी तो कढत पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायचा, तेव्हा पापुद्रे सुटून वर तरंगायचे.

1959 साली फेव्हिकॉल बाजारात आलं आणि सरसाचा टोप हळूहळू माळ्यावर गेला. पांढरं, तयार, ना शिजवणं ना वास. आमच्या गावात ते पोहोचायला बरीच वर्षं लागली. त्यात चिकटवणारा पदार्थ पाण्यात बारीक कणांच्या रूपानं पसरलेला असतो, पाणी उडालं की कण एकमेकांना धरतात. ओलं असताना हात धुतला की झालं. वाळलं तर कोमट साबणपाण्यात भिजवून त्याची साल सावकाश काढता येते. आजीचा नियम इथंही जवळजवळ लागू पडला. म्हणून मेस्त्रीला ते सरसाचंच धाकटं भावंड वाटलं.

नियम मोडला तो दोन वस्तूंनी. पहिली म्हणजे दोन नळ्यांतला किंवा दोन रंगांच्या वड्यांतला इपॉक्सी, गळक्या पाइपाला आणि फुटक्या बादलीला लावायचा. यातले दोन भाग एकत्र मळले की ते एकमेकांशी बांधले जातात आणि मग पाणी, तेल, कशालाही दाद देत नाहीत. ओला असतानाच फडक्यानं पुसून साबणानं हात धुवायचा, हाच त्याचा उतारा. वाळल्यावर उरते ती वाट पाहणं. आपली वरची कातडी सतत झडत असते, तिच्याबरोबर काही दिवसांनी तोही जातो.

दुसरी वस्तू म्हणजे चिमुकली नळी, क्षणात चिकटवणारी. तिचा जन्म अमेरिकेतला. 1942 साली हॅरी कूव्हर हे रसायनतज्ज्ञ युद्धासाठी बंदुकीच्या नेमाला लागणारं पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ दिसेल त्याला चिकटायचा, म्हणून तो बाजूला टाकला. 1951 साली तोच पुन्हा हाताळताना त्याची किंमत कळली आणि 1958 साली तो विक्रीला आला. पुढं व्हिएतनामच्या युद्धात जखमांचं रक्त थांबवायला त्याचा फवारा मारला गेला. म्हणजे कातडीशी याचं जुनं सख्य. कारण साधं आहे. हा गोंद घट्ट होतो तो दमटपणा मिळाला की, आणि माणसाच्या बोटावर दमटपणा कायमचाच.

आमच्या वाडीत ही नळी 1990 नंतर आली, तुटक्या चपला सांधायला. एकदा शेजारच्या सात वर्षांच्या मुलानं तिचं तोंड टाचणीनं मोकळं करायला घेतलं. थेंब उडाला तो थेट डोळ्यावर. पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. अंगण माणसांनी भरलं. कुणी रॉकेल आणलं, कुणी दाढीचं पातं. मुलाची आई रडत पापण्या ताणू लागली. तेवढ्यात आजी काठी टेकत आली नि ओरडली, "ओढू नको गो! कातडी सुटान येतली." नव्या गोंदाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तेल लावा असंही ती म्हणाली नाही. जिथं उतारा माहीत नाही तिथं हात लावायचा नाही, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

मेस्त्रीनं रिक्षा बोलावली. तालुक्याच्या डॉक्टरांनी कोमट पाण्यानं डोळा धुतला, ओली पट्टी ठेवली आणि जबरदस्तीनं उघडायचा नाही म्हणून बजावलं. चौथ्या दिवशी पापण्या आपोआप सुटल्या. बुबुळावर बारीक ओरखडा होता, तो मलमानं भरला. डॉक्टर आईला म्हणाले, "पातं लावलं असतंत तर डोळा गेला असता."

त्या वर्षापासून मेस्त्रीनं आजीच्या यादीला आपली पुरवणी जोडली. बोटाला बोट चिकटलं तर कोमट साबणपाण्यात भिजवायचं, कडेनं तेल सोडायचं, मग चमच्याचा बोथट दांडा सावकाश फिरवत बोटं सोडवायची. सरळ खेचायची नाहीत. नखांचा रंग काढायचं अॅसिटोन हा गोंद विरघळवतं, पण ते डोळ्याजवळ, तोंडाजवळ, जखमेवर किंवा चुलीच्या आसपास कधी न्यायचं नाही. सुती कपड्यावर गोंद जास्त सांडला तर तो इतका तापतो की चटका बसतो, तेव्हा लगेच थंड पाणी ओतायचं आणि कापड कातडीवरून ओढायचं नाही. आणि डोळा, ओठ किंवा तोंड चिकटलं की घरचे उपाय बंद, दवाखाना गाठायचा.

आता मेस्त्रीचा मुलगा प्लायवूडची कपाटं करतो. नाना तऱ्हेचे गोंद त्याच्या बोटांवर थरावर थर चढवतात. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवावा लागायला लागला तेव्हा त्याची पंचाईत झाली. गोंदाच्या पापुद्र्याखाली अंगठ्याच्या रेषाच दिसेनात. "अंगठो माझोच, पण मशिनाक वळख नाय," म्हणून तो दोनदा रिकामी पिशवी घेऊन परत आला. तेव्हापासून रेशनच्या आदल्या रात्री तो अंगठ्याला खोबरेल चोळतो, कोमट पाण्याचं तपेलं घेऊन पडवीत बसतो. बायको म्हणते, घासणी घे नि उरक लवकर. तो मान हलवतो आणि पाणी निवेपर्यंत तसाच बसून राहतो.