विलीनीकरण हरलं, मगो टिकला

गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. गोवा मुक्त होऊन तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. पोर्तुगिजांना हुसकावणाऱ्या केंद्र सरकारचा पक्ष म्हणून काँग्रेस निर्धास्त होती. गोवा, दमण आणि दीव मिळून ३० जागा होत्या. काँग्रेसला त्यातली एकच मिळाली, आणि तीही दमणमध्ये. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं (मगो) १४ जागा जिंकल्या, तर डॉ. जॅक सिकेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षानं १२. स्वतः निवडणूक न लढवलेले मगोचे नेते, खाणमालक दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत.

मगोचा जाहीर कार्यक्रम एका ओळीचा होता: गोवा महाराष्ट्रात विलीन करावा. पण पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंड्यातल्या मतदारानं मगोच्या सिंह या चिन्हावर शिक्का मारला तो फक्त नकाशा बदलण्यासाठी नव्हे. हा मतदार बहुतांशी बहुजन समाजातला होता. तो कूळ म्हणून भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, जमीन कसत होता, किंवा मुंडकार म्हणून भाटकाराच्या जागेत घर बांधून राहत होता. भाटकाराची मर्जी गेली तर डोक्यावरचं छप्परही जाई. काँग्रेसचे अनेक उमेदवार त्याला भाटकारांच्याच गोतातले वाटले. मगोनं त्याला पहिल्यांदा सत्तेच्या दारात उभं केलं. महाराष्ट्रात गेलो तर कूळकायदा येईल, मराठी शाळा येतील, असा त्याचा साधा हिशेब होता.

भाऊसाहेबांच्या सरकारनं १९६४ मध्ये शेतजमीन कूळकायदा करून कुळांना संरक्षण दिलं आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. लिहिता-वाचता येणारी पहिली पिढी अनेक घरांत याच शाळांमधून निघाली. मात्र पक्षाची धाटणी डावी नव्हती. नेता उद्योजक होता, त्याच्या भाषणांत देव, देश आणि मराठी संस्कृती होती, आणि सुधारणा वर्गसंघर्षाच्या भाषेत न मांडता लोककल्याणाच्या भाषेत मांडली जात होती.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राखण्यासाठी दोन पानं, अशी चिन्हं होती. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूनं उभं राहिलं. विरोधाची धारही मराठीच होती. चंद्रकांत केणी यांच्या ‘राष्ट्रमत’मधून उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणावर तुटून पडत होतं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. पक्षाचा मूळ हेतूच ३४,०२१ मतांनी हरला.

एवढ्या पराभवानंतर पक्ष संपायला हवा होता. पण दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगो पुन्हा सत्तेवर आला, आणि १९७२ मध्ये तर त्यानं १८ जागा जिंकल्या. नावातला ‘महाराष्ट्रवाद’ फेटाळणाऱ्या गोव्यानं त्याच नावाचा पक्ष राज्य चालवायला ठेवला, कारण कूळ-मुंडकारांचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचं निधन झालं आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर, म्हणजे ताई, मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा १९७५ चा कायदा आणि ‘कसेल त्याची जमीन’ करणारी १९७६ ची कूळकायद्यातली दुरुस्ती, ही पक्षाची सर्वांत मोठी कामं त्यांच्याच कारकिर्दीत झाली. तरीही १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वपक्षातल्याच काही आमदारांनी साथ सोडली आणि ताईंचं सरकार कोसळलं. १९८० च्या निवडणुकीत मगोला जेमतेम सात जागा मिळाल्या. पुढे ताईंसह त्यातले बहुतेक आमदार काँग्रेसमध्ये गेले. मागे राहून पक्ष तगवला तो रमाकांत खलप यांनी.

फेब्रुवारी १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली, आणि ३० मे रोजी गोवा स्वतंत्र राज्य झालं. विलीनीकरणाचा विषय तिथं कायमचा मिटला. मराठीच्या प्रश्नावर दुखावलेला मतदार मात्र मगोकडे वळला, आणि १९८९ मध्ये ४० पैकी १८ जागा जिंकून पक्ष काँग्रेसपेक्षा दोनच पावलं मागे राहिला. १९९० मध्ये काँग्रेस फोडून बनलेल्या आघाडीच्या सरकारात मगो शिरला खरा, पण फुटाफुटीच्या त्या राजकारणात त्याचेही आमदार गळत गेले.

निर्णायक घाव मैत्रीतून बसला. १९९४ मध्ये मगोनं भाजपशी युती केली. मगोला १२ जागा मिळाल्या आणि भाजपला चार, त्यांत पणजीतून मनोहर पर्रीकर. ज्या गावांत भाजपला कुणी ओळखत नव्हतं, तिथं मगोच्या कार्यकर्त्यानंच त्याची ओळख करून दिली. बहुजन हिंदू मतदाराला आता देशभर पसरलेला आणि शिस्तीची संघटना असलेला दुसरा पर्याय मिळाला. १९९९ मध्ये भाजप दहावर गेला, मगो चारवर आला, आणि २००२ मध्ये त्याच्याकडे दोनच जागा उरल्या. २०१९ च्या मार्चमध्ये मगोच्या तीनपैकी दोन आमदार मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले. एकटे उरलेले सुदिन ढवळीकर यांना उपमुख्यमंत्रिपदावरून हटवलं गेलं.

२०२२ मध्ये पुन्हा दोन आमदार निवडून आले आणि पक्ष भाजप सरकारला पाठिंबा देऊन बसला. ढवळीकर मंत्रीही झाले. ज्या कुळांनी आणि मुंडकारांनी हा पक्ष उभा केला, त्यांचे हक्कनोंदणीचे दावे मात्र गोव्याच्या मामलेदार कचेऱ्यांत अजून निकालाची वाट पाहत आहेत. त्यांच्यासाठी रेटा लावील असा स्वतःच्या बळावरचा प्रादेशिक पक्ष आता बहुजन समाजाकडे नाही, ही मगोच्या पडझडीची खरी किंमत आहे.