खिळ्यांची धूळ

जपानातल्या सेंदाईच्या हिवाळ्यात बर्फ कमी आणि वारा जास्त. सैबेरियाकडून सुटलेले वारे जपानच्या समुद्रावरून ओल उचलतात आणि ओऊ डोंगररांग चढताना ती सगळी पलीकडे, यामागाताच्या अंगाला, बर्फ करून टाकून देतात. डोंगर उतरून आमच्याकडे येतो तो नुसता कोरडा, बोचरा पश्चिमेचा वारा. महाबळेश्वरावर कोसळणारा पाऊस माण-खटावला पोचेपर्यंत कसा संपतो, हे साताऱ्यात लहानाची मोठी झालेल्या मला कुणी वेगळं समजावायला नको होतं. यामागातात माणसं छपरावरचं बर्फ उपसत असतात तेव्हा डोंगराच्या अलीकडे आमचा रस्ता उघडा, राखाडी, कोरडा असतो. फक्त पहाटे, पुलांवर आणि झाडांच्या सावलीत, त्यावर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर धरतो आणि दहा वाजेपर्यंत विरघळून जातो.

गाडीला हिवाळ्यात कोणते टायर घालायचे, हा प्रश्न इथे अवघड होतो तो यामुळे. ज्या गावात चार महिने रस्ता पांढराच असतो तिथे प्रश्नच नसतो. सेंदाईत दिवसाचा एखादा तास घसरडा आणि बाकीचा दिवस डांबर. त्या एका तासाच्या भीतीने या शहराने पंधरा-वीस वर्षं काय भोगलं, आणि मग आपला निर्णय कसा बदलला, ते मला सांगायचं आहे. आज दुकानात आपण जे टायर निवडतो, त्यातला एक पर्याय तिथे दिसतच नाही. तो कुणीतरी झगडून काढून टाकलेला आहे.

हिवाळी टायरची गोष्ट मात्र जपानची नाही, फिनलंडची आहे. तिथल्या सुओमेन गुम्मितेहदास या रबर कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी खास बर्फात चालणारा टायर काढला. त्याच्या कडेपर्यंत आडव्या, खोल खाचा होत्या. साखळ्या न गुंडाळता बर्फात रुतून पुढे जाता यावं, एवढाच हेतू. १९३६ मध्ये मोटारगाडीसाठी ‘लुमी-हाक्कापेलीत्ता’ आला. (हाच कारखाना १९६७ मध्ये ज्या कंपनीत विलीन झाला ती नोकिया. आपल्याकडे घरोघर ज्यांचे मोबाइल होते तीच.) या टायरने मऊ बर्फाचा प्रश्न सोडवला. चाकांनी दाबून दाबून काचेसारख्या झालेल्या गोठलेल्या थराचा मात्र नाही. तिथे खाच रुतायला जागाच नसते.

त्यावर तोड निघाली ती खिळ्यांची. टायरच्या रबरात धातूचे आखूड खिळे बसवायचे आणि त्यांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड. दगड फोडणाऱ्या हत्यारांच्या धारेला वापरतात तोच हा कठीण पदार्थ. चाक फिरलं की प्रत्येक खिळा बर्फाला टोचतो, बर्फाचा कण उडवतो आणि पकड मिळवतो. फिनलंडच्या त्याच कारखान्याचा खिळ्यांचा पहिला टायर १९६१ चा. जपानमध्ये खिळे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आले आणि उत्तरेकडच्या प्रांतांत झपाट्याने पसरले. त्यात नवल नव्हतं. त्याआधी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवायची, गोठलेल्या बोटांनी साखळ्या चढवायच्या, माथ्यापलीकडे रस्ता कोरडा लागला की पुन्हा उतरवायच्या. साखळ्या तशाच ठेवून डांबरावर गाडी चालवली तर त्या तुटतात. खिळ्यांचे टायर नोव्हेंबरात घातले की वसंतापर्यंत हात लावायला नको.

अडचण नेमकी इथेच होती. बर्फ टोचण्यासाठी केलेला खिळा रस्त्यावर बर्फ नसला म्हणजे डांबर टोचतो. सेंदाईत बर्फ बहुतेक वेळ नसायचंच. पण पहाटेच्या त्या एका तासासाठी, किंवा रविवारी सेकियामा घाटातून यामागाताला जायचं म्हणून, जवळजवळ प्रत्येक गाडीला हिवाळाभर खिळे असायचे. हजारो गाड्या, चारी चाकं, दिवसभर कोरडं डांबर खरवडत होत्या. रस्त्यावर चाकोऱ्या पडायच्या, पावसाळ्यात त्यांत पाणी साचायचं. कडेचे आणि मधले पांढरे पट्टे एका हिवाळ्यात पुसले जायचे आणि दर वसंतात पुन्हा रंगवायला लागायचे. खरवडलेलं डांबर आणि दगडाचा भुगा त्या कोरड्या वाऱ्यावर उडायचा.

आमच्या घरमालकीण आजी तेव्हा तरुण सून होत्या. त्या सांगतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये कपडे बाहेर वाळत घालणं सोडूनच दिलं होतं. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळपट-करडी रेघ उमटायची. दाट रहदारीच्या चौकातले दुकानदार दिवसातून कितीतरी वेळा दारापुढे पाणी मारायचे. शाळेत जाणारी मुलं तोंडाला मास्क बांधायची, ती सर्दीमुळे नव्हे. वाऱ्याच्या दिवशी रस्त्याचं पलीकडचं टोक धूसर व्हायचं. आजींच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नसतो. त्या हे सगळं एखाद्या जुन्या दुष्काळाबद्दल बोलावं तसं सांगतात. माझ्या मनात राहून गेलं ते त्यांचं एक साधं वाक्य: ‘आमच्याही गाडीला खिळेच होते.’

सेंदाई स्वतःला वृक्षांची राजधानी म्हणवते. १९४५ च्या जुलैत हवाई हल्ल्यात शहराचा मध्यभाग जळाला. त्यानंतर नव्याने आखलेल्या रुंद रस्त्यांवर केयाकीची झाडं लावली. जोझेन्जी रस्त्यावरच्या त्यांच्या कमानीखालून आज चालताना ही झाडं कायमची इथेच असावीत असं वाटतं. अशा शहराला लोक ‘सेंदाईचं वाळवंट’ म्हणू लागले, हे इथल्या माणसांना लागलं. नुसत्या आरोग्याच्या आकड्यांनी कदाचित एवढं लागलं नसतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून या धुळीवर लिहिलं जाऊ लागलं, वाचकांची पत्रं येऊ लागली. डॉक्टर, विद्यापीठातले लोक, नागरिकांचे गट बोलू लागले. मला या चळवळीतलं एक फार महत्त्वाचं वाटतं. इथे बोट दाखवायला कुणी परका नव्हता. कारखान्याची चिमणी नव्हती, नदीत सांडपाणी सोडणारा कुणी मालक नव्हता. धूळ उडवणारा आणि धूळ खाणारा माणूस एकच होता. सकाळी तो खिळ्यांच्या गाडीतून कामावर जायचा आणि संध्याकाळी मुलाचा खोकला ऐकायचा.

विरोधही खोटा नव्हता. पहाटे माल घेऊन घाट चढणाऱ्या ट्रकवाल्याला, डोंगरातल्या वस्तीवरून रुग्ण घेऊन येणाऱ्याला खिळे सोडा म्हणणं म्हणजे जीव धोक्यात घाला म्हणणं होतं. खिळ्यांशिवायचे हिवाळी टायर तेव्हा मिळत होते, पण गुळगुळीत बर्फावर ते खिळ्यांची बरोबरी करत नव्हते. शहरातल्या माणसाच्या फुप्फुसासाठी घाटातल्या माणसाने घसरावं का? या प्रश्नाला सोपं उत्तर नव्हतंच.

सेंदाई ज्या प्रांतात आहे त्या मियागीने १९८५ मध्ये खिळ्यांच्या टायरांवर नियंत्रण ठेवणारा नियम केला. देशात असं पहिलं पाऊल याच प्रांताने उचललं. पण एका प्रांताने नियम करून काय होणार? शेजारच्या प्रांतातली गाडी खिळ्यांसकट येणारच, आणि दुकानात माल असेल तोवर लोक विकत घेणारच. गाठ सुटली ती नागानो प्रांतात. तिथल्या वकिलांनी वाहनचालकांना सोडून टायर बनवणाऱ्या कंपन्यांनाच प्रदूषणाच्या तंट्यात समोर बसवलं. सरकारी मध्यस्थीने १९८८ मध्ये समझोता झाला: देशातल्या कंपन्या १९९० च्या अखेरीस खिळ्यांच्या टायरांचं उत्पादन आणि १९९१ च्या मार्चअखेर त्यांची विक्री थांबवतील. मग १९९० च्या जूनमध्ये संसदेने कायदा केला आणि १९९२ च्या एप्रिलपासून दंड लागू झाला, एक लाख येनपर्यंत.

तो कायदा बारकाईने वाचावा असा आहे. खिळे सर्वत्र, सर्वकाळ बंद, असं तो म्हणत नाही. ठरवून दिलेल्या भागांत, ज्या पक्क्या रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला थर नाही, तिथे खिळ्यांनी चालू नका, असं म्हणतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांना त्यातून सूट आहे. शहर आणि घाट यांच्यातला तंटा त्याने असा मिटवला की खिळा जिथे खरोखर बर्फाला लागतो तिथे त्याला जागा ठेवली. पण सेंदाईसारख्या गावात अर्ध्या वाटेवर टायर बदलत कोण बसणार? आणि दुकानात ते मिळणारच नव्हते. जर्मनीने खिळे १९७५ मध्येच बंद केले होते. फिनलंड, स्वीडन, नॉर्वेत ते आजही चालतात. ऑस्लो आणि बर्गनमध्ये मात्र खिळ्यांनी शहरात यायचं तर पैसे भरावे लागतात.

आता सगळा भार रबरावर आला. साधा उन्हाळी टायर थंडीत कडक होतो. तापमान सातेक अंशांच्या खाली गेलं की त्याची पकड कमी होत जाते, हे टायरच्या दुकानात कुणीही सांगेल. हिवाळी रबर थंडीतही मऊ राहायला हवं, म्हणून त्यात सिलिका येते. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. पण बर्फाची खरी खोड वेगळी आहे. शून्याच्या आसपासचं बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त घसरडं असतं, कारण त्यावर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. टायर घसरतो तो त्या पाण्यावर. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये ‘ब्लिझॅक’ आणला, त्यात बारीक बुडबुडे भरलेलं फेसाळ रबर होतं. रबर झिजेल तसे नवे बुडबुडे उघडे पडतात, पाण्याचा पापुद्रा त्यांत शिरतो आणि रबर बर्फाला भिडतं. दुसऱ्या एका कंपनीने रबरात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मिसळला. तो बर्फाला टोचतो पण डांबराला ओरबाडत नाही. खिळ्यांनी पाशवी जोराने केलेलं काम असं रसायनाने आणि धीराने करावं लागलं.

याची किंमत उत्तरेत, होक्काइदोत चुकवावी लागली. साप्पोरोत बर्फ खरोखर टिकतं. पूर्वी खिळे ते खरवडून खडबडीत ठेवायचे. खिळे गेल्यावर हजारो मऊ टायर सिग्नलला थांबत-निघत तोच थर घासून आरशासारखा करू लागले. पादचारी पडू लागले, चौकाचौकांत गाड्या घसरू लागल्या. शहराने चढांखाली रस्ता तापवणाऱ्या यंत्रणा बसवल्या आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर वाळूच्या पेट्या ठेवल्या. जाणाऱ्या-येणाऱ्याने त्यातली पिशवी उघडायची आणि पायाखाली वाळू टाकायची. हा त्रास खरा होता आणि आजही पूर्ण संपलेला नाही. सेंदाईची हवा स्वच्छ झाली त्यात साप्पोरोच्या म्हाताऱ्या माणसांचाही वाटा आहे, असं मला वाटतं, आणि तो मोकळेपणाने मानायला हवा. आमच्या आजी पुन्हा बाहेर कपडे वाळत घालू लागल्या. पांढरे पट्टे वर्षभर टिकू लागले.

अलीकडे टोकियो-योकोहामाकडून बदली होऊन आलेली मराठी कुटुंबं मला विचारतात, ‘ताई, बारमाही टायर चालतील ना? वर्षातून दोनदा बदलायची कटकट कशाला?’ प्रश्न रास्त आहे. इथल्या लहान घरांत चार जादा टायर ठेवायचे म्हणजे गॅलरी अडते. बारमाही टायर तसे जुने आहेत. गुडइयरचा ‘टिएम्पो’ १९७७ चा, अमेरिकेतल्या चालकांसाठी केलेला. पण त्या पिढीच्या टायरवरची ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं फक्त नक्षी चिखल-बर्फाजोगी आहे एवढंच सांगतात. त्यामागे परीक्षा नाही. परीक्षेची खूण १९९९ मध्ये आली, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण. ती खूण असलेला बारमाही टायर बर्फात खरंच चालतो.

आता सेंदाईत राहणाऱ्याने एक गोष्ट नीट ऐकावी. ती परीक्षा दाबलेल्या बर्फावर घेतात, गोठलेल्या गुळगुळीत थरावर नाही. आणि आमचा धोका नेमका तोच आहे: पहाटेचा पूल, सावलीतलं वळण. २०२४ मध्ये डनलॉपने जपानात एक बारमाही टायर आणला, त्याचं रबर पाणी आणि थंडी लागली की मऊ होतं. गोठलेल्या रस्त्यावरची पकड हाच त्याचा दावा आहे. दिशा मला योग्य वाटते. घाटात त्याच्या भरवशावर मी अजून जाणार नाही.

म्हणून मी सांगते ते असं. शहरातल्या शहरात फिरत असाल आणि रस्ता गोठलेल्या दिवशी गाडी घरी ठेवून मेट्रोने जाऊ शकत असाल, तर डोंगर-हिमकणाची खूण पाहून बारमाही घ्या. पहाटे निघावं लागत असेल, किंवा जानेवारीत एकदा जरी यामागाताकडे जाणार असाल, तर खिळ्यांशिवायचे हिवाळी टायरच घ्या आणि नोव्हेंबर संपायच्या आत घाला, कारण पहिल्या बर्फाच्या सकाळी दुकानांत रांगा लागतात. जुने विकत घेत असाल तर दोन गोष्टी पाहा. खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो. नक्षी निम्मी झिजली की तो वर येतो, आणि मग तो टायर हिवाळ्याचा राहत नाही. दुसरं, बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही सुरेख दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं, म्हणून नखाने दाबून बघा, आणि मऊ लागलं तरच पैसे द्या.