परळमधील वेदनाशमन : नर्व्ह ब्लॉक आणि मॉर्फिन

प्रास्ताविक
वैद्यकाच्या इतिहासात रोगाची नोंद सापडते, वेदनेची क्वचितच. या दृष्टीने गिरणगावातील परळ अभ्यसनीय ठरते. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने उभारलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी येथे झाले. तंबाखूमुळे होणारा मुखकर्करोग ही या रुग्णालयापुढील एक मोठी समस्या राहिली आहे.

तंत्राचा उगम
१८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॉल व हॉलस्टेड यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून तेवढाच भाग बधिर केला. हाच नर्व्ह ब्लॉकचा प्रारंभ होय. पुढे मद्यार्क टोचून हा परिणाम दीर्घकाळ टिकविता येऊ लागला. कर्करोगाने जबड्याचा मज्जातंतू ग्रासला म्हणजे उठणारी जळजळ आणि चमका साध्या वेदनाशामक गोळ्यांना दाद देत नाहीत. निवडक रुग्णांना तेथे हे तंत्र उपयोगी पडते. मात्र त्याने गाल व ओठ बधिर होतात आणि चावण्याची शक्ती कमी होऊ शकते.

कायदा आणि वेदना
१९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा संमत झाला. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची औषधपद्धती सुचविली आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनसारखी औषधे शक्यतो तोंडावाटे देण्यावर भर दिला. म्हणजे ज्या औषधाची जगात शिफारस होत होती, तेच भारतात परवान्यांच्या जाचामुळे दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने हे नियम सुलभ करण्याचा मार्ग मोकळा केला.

निष्कर्ष
नर्व्ह ब्लॉक हा मॉर्फिनला पर्याय नसून पूरक उपाय आहे. त्यासाठी प्रशिक्षित हात आणि सुसज्ज रुग्णालय लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेला रुग्ण परळला येऊन तो घेऊ शकतो. परंतु त्याचा परिणाम ओसरतो, तेव्हा तो रुग्ण कोकणात वा विदर्भात आपल्या गावी परतलेला असतो. तेथे त्याला गोळीचाच आधार असतो. म्हणून वेदनाशमनाचा इतिहास केवळ तंत्राच्या प्रगतीचा नाही. औषध रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचले की नाही, याचाही तो इतिहास आहे.