तळटीप : कामिरो आणि स्वाराची जबाबदारी

बीजिंग ऑलिंपिकच्या (२००८) अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे नॉर्वेच्या टोनी आंद्रे हान्सेनच्या कामिरो या घोड्याच्या नमुन्यात कॅप्सेसिन सापडले आणि अडथळा-उडीतले नॉर्वेचे सांघिक कांस्यपदक स्वित्झर्लंडकडे गेले. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारे द्रव्य. दुखऱ्या स्नायूंवर चोळायच्या मलमांत ते असते. पण तेच घोड्याच्या पायांना चोळले की कातडी हुळहुळी होते, दांडीचा नुसता स्पर्शही झोंबतो आणि घोडा पाय अधिक उंच उचलतो. हे क्रौर्यच आहे, म्हणून त्यावरची बंदी योग्य वाटते.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत घोड्यासाठी ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणजे मुख्यतः स्वार. औषध कोणी दिले, मुद्दाम दिले की चुकून, हा प्रश्न शिक्षा किती याच्याशी निगडित. नमुन्यात द्रव्य सापडले की नियमभंग झालाच. मोतद्दार, पशुवैद्य, मालक यांनाही जबाबदार धरता येते, पण त्याने स्वार सुटत नाही. शिवाय त्याच्या स्वतःच्या शरीरासाठी माणसांचे उत्तेजकविरोधी नियम लागू असतातच.

म्हणून जाणता स्वार औषधांची नोंदवही स्वतः तपासतो. तबेल्यात कोणालाही लघवी करू देत नाही, कारण औषध घेणाऱ्या माणसाची लघवी गवतावर पडली आणि घोड्याने ते खाल्ले, तर तेवढ्यानेही चाचणीत दोष निघू शकतो. ज्याला सांगता येत नाही त्या प्राण्याच्या वतीने कोणीतरी उत्तर द्यायलाच हवे, हा आग्रह मला रास्त वाटतो.